काकूंचा उजवा गाल

त्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात काकूंना काउंटरवर उभं केलं ते त्यांच्या कातडीकडे बघून. मालकांनी तसं तोंडावरच सांगितलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या बाईचा चेहरा इतका तुकतुकीत, मग जाहिरातीवर वेगळा खर्च कशाला? आता यात काकूंची काही करामत नव्हती. त्यांच्या आईची कातडीही तशीच होती आणि त्या माउलीने जन्मभर साध्या साबणापलीकडे काही लावलं नव्हतं. पण हे गिऱ्हाइकांना सांगायचं नाही, असं मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं. काकू गप्प बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा पगार हातात येणार होता, आणि मूग गिळून बसायची सवय तर घरात चांगली झालेली होती.

काम मात्र त्यांनी जीव लावून केलं. कोणाला काय हवंय ते नीट ऐकून घ्यायच्या, नको ते गळ्यात मारायच्या नाहीत. काकूंनी दिलंय म्हणजे चांगलंच असणार, असं बायका एकमेकींना सांगायला लागल्या. हा एवढा विश्वास हीच काकूंची कमाई. त्याची त्यांना घमेंड म्हणा, पण होती.

दुकानात एक रीत होती. नवी बाटली आली की काउंटरवाल्या बाईने ती आधी स्वतःला लावायची, तीही अर्ध्याच चेहऱ्याला. दुसरा अर्धा कोरा ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाइकाने दोन्ही गाल बघून फरक ताडावा. डोकं मालकांचं आणि गाल काकूंचा. दारातून आत येणाऱ्याला काकूंचा उजवा गाल आधी दिसायचा, म्हणून जे येईल ते त्याच गालाला. आधी सुरकुत्यांसाठी रेटिनॉल आलं. मग डागांसाठी व्हिटॅमिन सी आलं. मग कातडीवरची मेलेली साल काढणारं ॲसिड आलं. नवं सुरू केल्यावर जुनं थांबवावं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. उलट मालकांचा हिशेब असा, की एकाने गुण येतो तर तिन्हींनी तिप्पट येईल, आणि बाटलीवर औषधाचे टक्के जितके जास्त तितका माल भारी. दारातलं ऊन नेमकं त्याच गालावर पडायचं. सनस्क्रीन लावायची सोय नाही, कारण त्याचा थर दिसला तर गिऱ्हाइकाला फरक कसा कळणार? आणि खरं सांगायचं तर काकूंनाही हाव सुटली होती. फुकटची महागडी बाटली कोण सोडतं.

व्हायचं तेच झालं. गाल आधी ताणल्यासारखा झाला, मग लाल पडला, मग सालपटं निघायला लागली. साधं पाणी लागलं तरी चरचरायचं. मालक म्हणाले, काळजी करू नका, औषध आतली घाण बाहेर काढतंय. म्हणजे बाईचा गाल भाजला तरी गुण औषधाचाच. शेवटी लेकीने काकूंना हाताला धरून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. वाईट यातलं काहीच नाही, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. मुरुमं, डाग की सुरकुत्या, आपल्याला नेमका त्रास कशाचा ते आधी बघायचं आणि त्यासाठी एकच काहीतरी निवडायचं. तेही सौम्य, थोडं, आणि काही आठवडे कातडीला सवय होऊ द्यायची. सकाळी सनस्क्रीन हवंच. टक्क्यांचं म्हणाल तर आमटीत मीठ दुप्पट घातलं म्हणून चव दुप्पट होत नाही. काकूंना सगळं बंद करायला सांगितलं. गाल भरून येईल, पण डाग राहील कदाचित.

काकूंनी दुकानात जाऊन हे सगळं मालकांच्या कानावर घातलं. त्यांना वाटलं, माणूस ओशाळेल, निदान तिन्ही बाटल्या एकत्र विकणं तरी थांबवेल. मालकांनी उजवा गाल बघितला, डावा गाल बघितला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मग सोपं आहे की," ते म्हणाले. "आजपासून सांगायचं, औषध डाव्या गालाला लावलंय."

काय म्हणावं या माणसाला! ज्या गालाला थेंब लागला नाही तो औषधाने उजळला, आणि ज्याची साल निघाली तो म्हणे मूळचाच तसा. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पगार डोळ्यासमोर आला आणि त्या काउंटरमागे जाऊन उभ्या राहिल्या. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

दुपारी एक बाई लेकीला घेऊन आल्या. पोरीच्या गालांवर मुरुमं होती आणि ती मान वर करत नव्हती. आई म्हणाली, काकूंचं नाव ऐकून लांबून आलोय, तुम्ही द्याल ते घेऊ. काकूंनी तोंड उघडायच्या आत मालक पुढे झाले. तिन्ही बाटल्या मांडल्या, काकूंच्या डाव्या गालाकडे बोट केलं आणि महिन्याभरात हा फरक पडल्याचं बिनदिक्कत सांगून मोकळे झाले. पोरीने हळूच मान वर करून तो गाल बघितला. तिच्या डोळ्यांत आशा दिसली, आणि तिथे काकूंचा बांध फुटला.

"नाही गं बाळ," त्या म्हणाल्या. "या गालाला काही लावलेलं नाही. लावलंय ते इथे." आणि त्यांनी उजवा गाल तिच्यापुढे धरला.

मालक हसले. म्हणाले, काकूंचं वय झालं, कातडीच कुचकामी, त्यात औषधाचा काय दोष. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती, तीही बघायला लागली. काकूंनी शांतपणे तिन्ही बाटल्यांची झाकणं काढली आणि बाटल्या मालकांसमोर सरकवल्या.

"तुमचं वय माझ्यापेक्षा कमी आहे. लावा तुम्ही. इथेच, सगळ्यांसमोर."

मालक दोन पावलं मागे सरले. "छे, छे, मी नाही लावत असलं काही. माझी कातडी नाजूक आहे."

पोरीच्या आईने त्यांच्याकडे बघितलं, मग काकूंच्या उजव्या गालाकडे.

"आणि यांची काय गेंड्याची होती?"