भिरंडवाड्याचा निरोप

रामनगरला हार्डवेअरच्या दुकानावर पत्र्याची एक खोली आहे, तिथं रक्षिता राहते. वय सव्वीस. खाली खिळे आणि सिमेंट विकलं जातं, वर ती बेळगावच्या एका छोट्या कंपनीसाठी बोलणाऱ्या मशीनला शिस्त लावते. कुणी विचारलं तर ती एवढंच सांगायची, कारण खरं काम समजावायला घेतलं की ऐकणारा जांभई द्यायचा. यंदाच्या उळवीच्या जत्रेपासून मात्र तिनं तेवढं सांगणंही सोडलंय.

पोर कुणब्याची. आई सुमंगला रोजंदारीवर फिरायची, म्हणून रक्षिता वाढली मामाकडे, भिरंडवाड्यात. भिरंडवाडा म्हणजे रानात सात घरं आणि मागं भिरंडीची, म्हणजे कोकमाची झाडं. सरकारच्या कागदावर हे गाव नाहीच, दुसऱ्याच कुठल्या गावाच्या पोटात ते ढकलून दिलंय. वाड्यातल्या माणसांचं त्यामुळं आजवर काही अडलं नव्हतं, कारण कागद बघायला इथवर येतो कोण?

लखूमामा कंदांचा माणूस. कोन, मुडली, झाडकणगी, कसले कसले कंद तो लावायचा, आणि बियाणं निवडायला भाचीला बसवायचा. सहा-सात वर्षांची रक्षिता अंगणात ढीग लावायची. मामाचा नियम एकच होता. ज्या कंदाची ओळख पटत नाही तो कुठल्याच ढिगात घालायचा नाही, बाजूला ठेवायचा, मग तो स्वतः येऊन बघणार. रानात विषारी कंदही निघतो, तो चुकून चांगल्यांत गेला तर अख्खं घर कायमचं झोपतं. रक्षिता भराभर ढीग लावायची आणि बाजूला चार-पाच उरायचेच. मामा येऊन ते हातात घेऊन हुंगायचा, नखानं खरवडायचा आणि सांगायचा. पुढं ती दांडेलीला कॉलेजात शिकली, कॉम्प्युटर शिकली, पण निवडायची सवय तिला लागली ती त्या अंगणात.

दोन वर्षांपूर्वी तिच्या कंपनीला एका संस्थेचं काम मिळालं. थंडी सरली की आपल्या रानात माकडताप येतो. माकडं मरून पडतात, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि माणसाला चावतात. माकड मेल्याची बातमी वेळेत कळली तर संस्थेची माणसं जाऊन ती जागा बंद करतात, औषध मारतात, अंगाला लावायचं तेल वाटतात. म्हणून संस्थेनं एक फोन नंबर काढला. कुणीही त्यावर आपल्या भाषेत बोलावं, ते बोलणं लिहून काढलं जाईल आणि भाषेचं मशीन त्यातून पाच रकाने भरून देईल: गाव, प्राणी, किती, कधी, कुणाला ताप आहे का. रकाने भरले की नकाशावर लाल ठिपका उमटणार आणि गाडी निघणार. मशीनकडून हे रकाने नीट भरून घेणारा कोड लिहायचा, ते काम रक्षिताचं.

वाटतं तेवढं ते सोपं नव्हतं. मशीन मोठं गप्पिष्ट. नुसते रकाने मागितले तरी आधी ‘ही घ्या तुमची माहिती’ म्हणून पाल्हाळ लावायचं, आणि तेवढ्यानं कोड कोलमडायचा. आकडा मागितला तर ‘दोन-तीन असतील’ असं लिहायचं. तारीख दर वेळी निराळ्या तऱ्हेनं. एकाच गावाचं नाव चार प्रकारांनी. रक्षिताच्या नाकी नऊ आले. मग तिनं एकेक खुंटी ठोकली. साचा ठरवून दिला, त्याबाहेरचं अक्षर चालणार नाही. आकड्याच्या जागी आकडाच. गाव हे संस्थेनं दिलेल्या यादीतलंच हवं, मनाचं नको. उत्तर साच्यात बसलं नाही तर काय चुकलं ते सांगून मशीनला परत विचारायचं, तीनदा. आणि गावाच्या यादीच्या शेवटी तिनं स्वतःच्या अकलेनं एक पर्याय घातला: ‘कळत नाही’. मशीननं तो निवडला की तो निरोप रक्षिताकडे येणार आणि ती स्वतः कानानं ऐकणार. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुठून सुचलं तेही तिनं कधी शोधलं नाही.

यादीत वाडे नव्हते. तिनं महेश सरांना तसं सांगितलं. महेश सर म्हणजे कंपनीचे मालक, मूळचे खानापूरकडचे, माणूस सरळ. “वाडे पुढच्या टप्प्यात घालू,” ते म्हणाले. तिलाही पटलं. तोवर ‘कळत नाही’ होतंच की.

काम सुरू झालं तेव्हा ती भिरंडवाड्याला जाऊन आली होती. मामाच्या ओट्यावरच्या भिंतीवर तिनं कोळशानं नंबर लिहिला. वाड्यात रेंज नाही, त्यासाठी वरच्या कातळावर चढावं लागतं, चांगली तासाभराची चढण.

“मेलेलं वांदर दिसलं तर हात लावू नको, मामा. आधी ह्या नंबरावर सांग,” ती म्हणाली.

“आनि माती कोन देनार त्येला?” मामानं विचारलं. वाड्यातली रीतच तशी. वानर मेला तर त्याला देवासारखी माती द्यायची, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. तसाच टाकला तर वाड्याला लागतो.

“आमची मानसं येऊन बघतील, मग दे. तवर थांब. माझी शपथ हाय.”

“बरं. तुजं मशीन ऐकतंय न्हवं मग? मी तुलाच सांगितलं असं समजतो.”

ती हसली आणि व्हय म्हणाली. ह्या व्हयपायी तिनं पुढं किती वेळा कपाळ बडवून घेतलं असेल, ते तिचं तिला ठाऊक.

पहिला हंगाम बरा गेला. पाचातला एक निरोप ‘कळत नाही’मध्ये पडायचा. रक्षिता रोज संध्याकाळी कानात इअरफोनची बोंडं घालून ते ऐकायची. कोंबडे, खोकला, म्हशींची घुंगरं, मधेच कुणी कानडीत, कुणी कोकणीत, कुणी तिसऱ्याच गोष्टीचं रडगाणं सांगणारा. निम्म्यांत काहीच नसायचं. निम्म्यांत असायचं, ते ती हातानं भरायची. दुसऱ्या हंगामात निरोप तिप्पट झाले आणि ती मेटाकुटीला आली. त्यातच संस्थेच्या लोकांना वर कुणाला तरी नकाशा दाखवायचा होता.

“पाचातली एक नोंद नकाशावर दिसतच नाही, रक्षिता,” महेश सर म्हणाले. “‘कळत नाही’ला ठिपका कुठं काढायचा? यादी एवढी मोठी आहे, त्यातलं जवळचं गाव मशीन निवडू शकेल की नाही?”

इथं तिनं भांडायला हवं होतं. भांडली नाही. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. तिनं ‘कळत नाही’ची ती एक ओळ पुसली, जुने दोनशे निरोप परत चालवून बघितले, आणि दोनशेच्या दोनशे नोंदी साच्यात चोख बसल्या. रिकामा रकाना एक नाही, खुळचट शब्द एक नाही. तिचा जीव भांड्यात पडला. रकान्यात काय भरलंय हे मात्र त्या दिवशी तिनं तपासलं नाही, सरांनी नाही आणि संस्थेनंही नाही. सगळ्यांनी हिरवी खूण बघितली आणि चहा प्यायला. मला राग येतो तो ह्या चहाचा.

त्यानंतर संध्याकाळी ऐकायला काही उरलंच नाही. रोज सकाळी एक ओळ यायची, ‘आलेल्या नोंदी त्रेसष्ट, वैध त्रेसष्ट’, आणि रक्षिता दुसऱ्या कामाला लागायची.

जत्रेच्या आधी बारा-पंधरा दिवस नागेशचा फोन आला. नागेश मामाचा मुलगा, कुळगीला जंगलखात्याच्या कॅम्पात कामाला. “बाबाला ताप हाय. डोळं लाल झाल्यात, हिरड्यांतनं रगात येतंय. जीपनं न्हेतोय.” रक्षिता तशीच चपला अडकवून निघाली. मोठ्या दवाखान्यात पोचली तेव्हा मामाला माणसं ओळखू येत नव्हती. डॉक्टरांनी माकडताप सांगितला. ताप येऊन सहा दिवस झाले होते, तेवढे दिवस वाड्यात साधा ताप म्हणून काढेच दिले होते. नवव्या दिवशी पहाटे मामा गेला.

दवाखान्याच्या पायरीवर नागेश तिच्याजवळ बसला. “बाबानं तुला सांगितलं व्हतं म्हने. वांदरं पडल्यात म्हून. मानसं आलीच न्हाईत का गे?”

 भिरंडवाड्याकडचा एकही ठिपका रक्षिताच्या नकाशावर नव्हता.

खोलीवर येऊन तिनं मामाचा नंबर शोधला. नोंद होती, तीन आठवड्यांपूर्वीची. गाव: कुळगी. प्राणी: माकड. किती: दोन. कधी: काल. ताप: नाही. पाचही रकाने भरलेले, समोर हिरवी खूण. खाली संस्थेच्या माणसांचा शेरा होता: ‘कुळगी परिसरात दिवसभर पाहणी केली. मृत माकड आढळले नाही. नोंद बंद.’ मग तिनं मूळ निरोप लावला.

“रक्षी, मी लखूमामा. ऐकतीस न्हवं? हितं समदी बरी हाईत. मामीचा गुडघा तसाच हाय. नागेश कुळगीलाच हाय, कॅम्पात, पंदरा दिस झालं आलेला न्हाई. यंदा कोन बरा सुटलाय, तुला दोन ठेवल्यात. हां, सांगायचं ते ऱ्हायलंच. आपल्या मागच्या रानात, तू भिरंडं येचायचीस बग, तितं दोन वांदरं मरून पडल्यात. येक काल, येक आज. तू सांगितलंस तसं हात लावला न्हाई. माती द्यायची ऱ्हायलीय, जिवाला बरं वाटत न्हाई, पन तू शपथ घातलीस न्हवं. तुजी मानसं येऊस्तोवर थांबतो. ठेवतो आता.”

गावाचं नाव त्यात नव्हतंच. ज्या पोरीला अंगणात वाढवलं तिला कुणी आपल्या गावाचं नाव सांगतं का? मशीनला मात्र यादीतलं एक गाव निवडणं भाग होतं. अख्ख्या बोलण्यात यादीतलं एकच नाव आलं होतं, ते त्यानं उचललं. पुढं नागेशकडून आणखी एक गोष्ट कळली. ती गाडी कुळगीला आली तेव्हा त्या माणसांना कॅम्पात चहा त्यानंच करून दिला होता. कुणाच्या निरोपावर ती आलीत, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि त्यालाही.

रक्षितानं पुसलेली ओळ परत लिहिली आणि मामाचा निरोप पुन्हा मशीनपुढं ठेवला. चार सेकंदांत उत्तर आलं. गाव: कळत नाही. म्हणजे आपल्याला कळत नाही, हे मशीनला माहीत होतं. तसं म्हणायची सोय ठेवली असती तर त्यानं सांगितलं असतं, आणि त्याच संध्याकाळी तो निरोप तिच्या कानात वाजला असता. ती डोकं टेबलावर ठेवून ओक्साबोक्शी रडली.

महेश सरांना तिनं फोन केला.  ते म्हणाले, “वाईट झालं गं. पण तुझा कोड चुकला नाही, नोंद वैध होती.”

“व्हय सर,” ती म्हणाली, “वैध होती.” आणि पुसलेली ओळ परत घातल्याचं सांगून तिनं फोन ठेवला. ओळ ठेवायची की काढायची, हे तिनं त्यांना विचारलं नाही.

बाराव्याला ती भिरंडवाड्याला गेली. केशरमामी ओट्यावर बसली होती, पाठीमागं भिंतीवर कोळशाचा नंबर तसाच. सुपात दोन मोठे कोन वेगळे काढून ठेवलेले होते.

मामी आपणहून सांगत गेली. “रक्षीसंगं हसून हसून बोललो म्हनाला, मग पाच दिस थांबला त्यो. रोज सकाळी वाटंवर जाऊन बसायचा, गाडी येतीया का बगायला. मी म्हनलं, जा, देऊन ये माती, वास सुटलाय. म्हनाला, रक्षी येतीया, तिची शपथ हाय. सहाव्या दिशी मग गेला. दोगांना माती दिली, नारळ फोडला. घरला आला तवा पाठीवर, बकोटीत गोचिडीच गोचिडी. मीच काडल्या येक येक.”

 मामीनं रक्षिताचा हात आपल्या हातात घेतला.

“बाय, त्येचं बोलनं तुला पोचलं व्हतं न्हवं? कामात ऱ्हायलं आसंल तुज्या. मी काय बोलनार न्हाई.”

खोटं बोलणं सोपं होतं. कामात विसरले म्हटलं असतं तर मामीनं पोटात घातलं असतं, आणि मामाचं बोलणं निदान माणसाच्या कानी तरी पडलं होतं, एवढं तिच्यापाशी उरलं असतं. पण रक्षितानं खरं ते सांगितलं.

“न्हाई पोचलं, मामी. मी ऐकलंच न्हाई. आता, त्यो गेल्यावर ऐकलं.”

 मामीनं वर कातळाकडं बघितलं, जिथं रेंज येते.

“मग येवढा चढून जाऊन, हसून हसून,” ती म्हणाली, “बोलत व्हता तरी कुणासंगं?”