कुलूप न घातलेली पेटी

मी जात्याच कुलूपवाला माणूस. चिखलीजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात स्टोअर सांभाळतो आणि ताकही फुंकून पितो. चार वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हा घरातल्या देवघराची दारंही मी लावून टाकली. इतकी वर्षं नेमानं दिवा लावला त्याचं हेच फळ का, असा राग होता. तो अजिबात खोटा नव्हता.

आमच्या वर्कशॉपबाहेर भिंतीवर एक पेटी आहे. कुणाचं हृदय अचानक बंद पडलं तर झटका देऊन ते चालू करायचं यंत्र तिच्यात असतं. ते कुणालाही वापरता यावं म्हणून पेटी उघडीच ठेवायची असते. पण पोरं उचापती करतील म्हणून मी तिला कुलूप ठोकलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, चावी आहे की माझ्या कमरेला.

खंडेनवमीला लेथ, ड्रिल सगळ्यांची पूजा झाली. साफसफाई करणाऱ्या मंगलताई, चाकणकडच्या, हळदकुंकवाचं ताट घेऊन पेटीपुढे उभ्या राहिल्या. "भाऊ, ह्ये बी यंत्रच हाय ना? मग ह्याला का कोंडून ठेवलंय? काढा कुलूप." मी कुरकुरत काढलं. त्यांनी काचेला कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचा हार घातला. मी पुन्हा कुलूप लावायला गेलो, तर म्हणाल्या, "न्हाई. पूजलेल्या हत्याराला दसऱ्यापातूर हात लावत न्हाईत." आता यांच्या तोंडाला कोण लागणार? कुलूप खिशात टाकलं आणि सुट्टीत साफ विसरलो.

दसऱ्यानंतर कॉलेज उघडलं, त्याच सकाळी मंगलताई झाडता झाडता कोसळल्या. हाका मारल्या, ओ नाही. श्वासही नाही. लॅबच्या मॅडमनी एकाला अँब्युलन्ससाठी फोन करायला सांगितलं, स्वतः छाती दाबायला सुरुवात केली आणि मला म्हणाल्या, "पेटीतलं यंत्र आणा, पळा." मी पळालो. कमरेला हात घातला तर चावी नाही. दसऱ्याची नवी पँट घातली होती, जुडगा घरी जुन्या पँटला. या बाईला मी माझ्या हातानं मारलं, एवढंच मनात आलं.

मग पेटी दिसली. हार सुकला होता, आणि कुलूप नव्हतं.

मी यंत्र घेऊन आलो तोवर मुलींनी ओढण्यांचा आडोसा धरला होता. यंत्रावरच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे मॅडमनी छातीला पट्ट्या चिकटवल्या. यंत्र शांतपणे एकेक सूचना देत होतं. मध्येच त्यानं सांगितलं, पेशंटला कुणीही हात लावू नका. आम्ही सगळ्यांनी हात बाजूला घेतले. ते काही क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमच्या हाती होतं तेवढं करून झालं होतं. चार वर्षांनी माझे हात आपोआप जोडले गेले. यंत्रानं सांगितलं तेव्हा बटण मीच दाबलं. त्यांचं अंग एकदा हललं. मॅडमनी पुन्हा छाती दाबायला घेतली आणि थोड्या वेळानं मंगलताई कण्हल्या. त्या कण्हण्याइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

याला योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. दवाखान्यात भेटायला गेलो तर ताईंनी पहिलं विचारलं, "भाऊ, कुलूप लावलं का पुन्यांदा?" मी नकारार्थी मान हलवली.

त्या संध्याकाळी मी देवघराची दारं उघडली. बायकोच्या आजारपणात मी देवाशी रोज हुज्जत घालायचो. आपल्या हातचं करून झालं की हात बाजूला घ्यायचे आणि बाकीचं त्याच्यावर सोडायचं, हे मला ठाऊकच नव्हतं. आता काही मागितलं नाही. दिवा लावला आणि हात बाजूला घेतले.