उठायला लागणारा वेळ

“मी त उठतो हो, पण रगत मागून येते,” असं शालिग्राम सर एकदा म्हणाले होते. स्टाफरूम खूप हसली. संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत ते वाक्य पोचलं, तेव्हा त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

जानेफळकडच्या आमच्या खासगी शाळेत सर चित्रकला शिकवायचे. त्यांचे पाय मे महिन्यातही गार आणि बीपी कायम खाली. पायांच्या डॉक्टरने नसा मोकळ्या करणारी गोळी दिली, तर बीपी आणखी घसरलं. बीपीच्या डॉक्टरने नसा आवळणारी दिली, तर पाय निळे पडले. दोघे डॉक्टर एकमेकांविषयी आदराने बोलत. एकमेकांशी बोलत नसत. शेवटी बुलडाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या, एक गोळी कमी केली, दुसरीची वेळ बदलली आणि बजावलं, “आधी पाय हलवा, थांबा, मग उठा.”

संस्थेत मात्र अध्यक्ष उत्तमराव आले की आधी उठायचं असतं. त्यांच्या गाडीच्या आवाजालाच खुर्च्या सरकत. साहेब आत येऊन बसले, तरी सर अजून पायाची बोटं हलवत असत.

“गुर्मी आहे,” अध्यक्षांचा गट म्हणाला.

“मर्द आहे,” विरोधी गट म्हणाला आणि हार घेऊन सरांच्या घरी गेला. हार घालायला त्यांनी सरांना उभं राहायला सांगितलं. सर पुन्हा बोटं हलवू लागले.

मग सभा भरली. सरांची नोकरी ठेवायची की नाही, एवढाच विषय.

“डॉक्टरनं सांगतलं हाये, साहेब,” सर बसल्या जागेवरून म्हणाले.

“बीपी मले बी हाये, मास्तर! माह्यं त वरचं हाये. मी काऊन उठतो मंग?”

“तुम्ही कोणासाठी उठता, साहेब?” विरोधी गटाच्या अश्विनी मॅडमनी विचारलं.

उत्तमरावांचा चेहरा तांबडा झाला. “माफी माग, नाही त उद्यापासून येऊ नको. अन् उभा राहून माग!”

सरांनी चपला काढून पाय लांब केले. बोटं हलवली. टेबलाची कड धरली, थांबले, डोळ्यांपुढचा अंधार ओसरू दिला. त्या खोलीत इतका वेळ कोणी कोणासाठी थांबलं नव्हतं. सर पुरते उभे राहिले आणि धडाधड खुर्च्या सरकल्या. इतक्या शांततेत कोणी उठलं की उठायचं, ही आमची सवय. सगळे उभे. उत्तमरावही अर्धे उठले होते. लक्षात आलं तेव्हा ना वर जाता येईना, ना खाली.

सरांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, चपला पायांत सरकवल्या आणि बाहेर गेले.