थोरलीचा ताप

थोरली बसमध्ये कंडक्टर होती. दिवसभर गावभराचा खोकला नि शिंका अंगावर घ्यायची आणि संध्याकाळी ठणठणीत घरी यायची. आई कौतुकानं म्हणायची, "माझी थोरली म्हणजे दगड!" दगडाला हे कौतुक कधी गोड लागलं नाही.

कारण आईची मांडी कायम धाकटीनं अडवलेली. धाकटी सातव्या महिन्यातच जन्माला आली, फुप्फुसं कच्ची राहिली. कुणी शेजारी शिंकलं की हिच्या छातीत घरघर सुरू. मग गरम पाण्याची पिशवी, मऊ उशी आणि कपाळावर आईचा हात. थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा. लहानपणी एकदा धाकटी तापली, तर ही बया तिचा उष्टा पेला गटागटा प्यायली, तिच्याच पांघरुणात शिरून झोपली. काही म्हणजे काही झालं नाही! डॉक्टर हसले. "एका ताटात जेवलात तरी अंगातले पहारेकरी निरनिराळे. तुझे जागे असतात, तिचे पेंगतात." थोरलीला वाटलं, मेले माझेही पेंगले असते तर काय बिघडलं असतं?

दोघींची लग्नं राहिली, पन्नाशी आली, पण मत्सर काही म्हातारा झाला नाही. यंदा तापाची साथ आली आणि आई आडवी झाली. डॉक्टरांनी धाकटीला माडीवर बसवलं, खाली उतरायची बंदी. थोरलीनं रजा टाकली. इतक्या वर्षांनी आई एकटीची! ती उशाशी ठाण मांडून बसली. जेवणाची शुद्ध नाही, झोपेचा पत्ता नाही. आई मात्र डोळे उघडले की विचारायची, "धाकटी जेवली का गं?" थोरली दातओठ खात "जेवली" म्हणायची.

आईचा ताप उतरला आणि थोरलीचं अंग तापलं. उपास नि जागरणांनी तिचेही पहारेकरी शेवटी पेंगलेच. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला, अगदी वेडगळ आनंद. तिनं आईचा हात उचलून आपल्या कपाळावर ठेवला.

"अगं बाई, चटका बसतोय की!"

थोरलीनं डोळे मिटले. आईनं हात काढून घेतला.

"माडीवर जाऊ नकोस हं. धाकटीला लागेल."

"नाही जात. तू जरा हात ठेव ना, आई."

आई जिन्याकडे बघत होती. "आता तिचं ताट कोण नेणार गं?"