कुंदाताई आणि हॉटेलात बसवलेला कॅमेरामन

शूटिंग म्हणजे काम कमी आणि वाट पाहणं जास्त. ढग सरकायची वाट, हिरोइनच्या मेकअपची वाट, जेवणाच्या गाडीची वाट. रिकामी माणसं एका जागी बसली की बोलणारच, आणि मग किस्से साचत जातात. मी मूळचा अकोल्याचा, अठरा वर्षं कुंदाताईंचा फोकस पुलर आहे. म्हणजे चित्र त्या घेतात, आणि ते धुरकट होणार नाही हे मी बघतो. एवढ्या वर्षांत माझा फोकस किती वेळा सुटला ते विचारू नका, पण किस्सा एकही सुटलेला नाही!

कुंदाताई अकोटच्या. घर माळ्याचं, भाजी पिकवायची आणि बाजारात नेऊन विकायची. त्या मुंबईला जाऊन कॅमेऱ्यामागे उभ्या राहिल्या तेव्हा तिथं बाई म्हणून कोणी नव्हतंच. आता नव्या पोरी येतात आणि आल्या आल्या ताईंच्या पाया पडतात. ताई म्हणतात, "पाया काहून पडते व? ट्रायपॉड उचल!"

*

ताई नुकत्याच स्वतंत्रपणे काम करू लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. एक मोठे हिरो सेटवर आले, ताईंना पाहिलं आणि खुर्चीत बसूनच राहिले. बाईनं लाइटिंग करायचं, हे काही त्यांना पटेना. शेवटी उठले आणि दिग्दर्शकाकडे बघत म्हणाले, "त्यांना सांगा, माझा डावा गाल चांगला आहे."

ताई तोपर्यंत लाइट लावून मोकळ्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "डावा चांगलाच आहे साहेब. म्हणून तर मघापासून उजव्यावर मेहनत करून राहिली मी!"

हिरोंनी उजवा गाल पुढे केला. पुढचे तीन पिक्चर त्यांनी ताईंनाच मागून घेतलं.

*

आता मुद्द्याचं. जन्मभर ताईंनी दुसऱ्यांची गावं पडद्यावर दाखवली. कोकण झालं, राजस्थान झालं, केरळ झालं. आपलं वऱ्हाड मात्र एकदाही नाही. गेल्या वर्षी तसा पिक्चर आला आणि ताई हरखून गेल्या. मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

पण निर्माते सावध गृहस्थ. त्यांनी अमरावतीच्या एका हॉटेलात दुसरा कॅमेरामन आणून बसवला. ताईंना तोंडावर सांगितलं, "सेफ्टी म्हणून हो मॅडम. इकडचं ऊन तुम्हाला झेपलं नाही तर? एक दिवस जरी काम अडलं, तरी दुसऱ्या दिवशी कॅमेरा त्यांच्याकडे."

अकोटच्या बाईला ऊन झेपणार नाही! मला संताप आला. ताई फक्त म्हणाल्या, "राहू दे त्याले. एसी तरी खाईल बिचारा."

*

मुहूर्त अमरावतीतच झाला. आमच्यात पहिल्या दिवशी कॅमेऱ्याची पूजा असते. हार, नारळ, सगळं साग्रसंगीत. निर्मात्यांच्या सौभाग्यवती आरतीचं ताट घेऊन आल्या. "आधी कॅमेरामनला ओवाळते," म्हणाल्या, आणि थेट माझ्यासमोर! टिळा लावला, अक्षता टाकल्या, हातात पेढा दिला. मी तोंड उघडणार तोच मागून ताईंचा आवाज आला, "ओवाळून घे बे. फक्त लेन्सले कुंकू लावू देऊ नको."

नंतर खरा प्रकार कळल्यावर त्या माउली फार ओशाळल्या. पुन्हा ताट केलं आणि ताईंना ओवाळलं. पेढा मात्र माझ्याकडेच राहिला.

*

बाळापूरच्या किल्ल्यात मार्चअखेरचं ऊन. भाड्याच्या कॅमेऱ्यासोबत त्याचा अटेंडंट येतो. आमचे अटेंडंट पन्नाशीचे कदमकाका, पक्के मुंबईकर. दहा वाजताच कॅमेरा चुलीवरच्या तव्यासारखा तापला आणि बंद पडायची लक्षणं दाखवू लागला. ताईंनी आपला दुपट्टा पाण्यात भिजवला, घट्ट पिळला आणि कॅमेऱ्याच्या वर काड्यांवर ताणून सावली केली. हे काकांना चाललं. पण मग ताईंनी कॅमेऱ्याच्या बॅगेत एक कांदा टाकला!

"मॅडम, कांदा? यात?"

"आमच्याकडं उन्हात जाताना खिशात कांदा ठेवतात. लू लागत नाही."

"पण मॅडम, कॅमेऱ्याला लू?"

"मशीन आपल्याच जिवावर हाये ना? मंग त्याचीबी काळजी घ्या लागते."

काका पोट धरून हसले. मुंबईला फोन करून ऑफिसलाही हसवलं. बारा वाजता मात्र काका किल्ल्याच्या भिंतीला टेकून खाली बसले, त्यांचे डोळे फिरले. ताईंनी त्यांना सावलीत नेलं, पाणी पाजलं, कैरीचं पन्हं पाजलं. कॅमेरा दिवसभर ठणठणीत चालला.

दुसऱ्या दिवशी काकांच्या दोन्ही खिशांत दोन-दोन कांदे होते.

*

चांदूर बाजारचा आठवडी बाजार. दिग्दर्शकाला खरी गर्दी हवी होती, आणि खरी गर्दी म्हणजे कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारी गर्दी. दोन तास गेले, एक शॉट धड मिळेना. निर्मात्यांनी खिशातून फोन काढला. तो अमरावतीच्या हॉटेलात लागणार, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

ताई मला म्हणाल्या, "सुधीर, तू तो मोठा रिकामा कॅमेरा घे. चौकात उभा राय. जोरजोरात ॲक्शन, कट ओरड. लोकायले कॅमेरामन म्हणजे माणूसच पायजे ना? देऊन टाकू."

मी चौकात तमाशा मांडला. पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे माझ्याभोवती! तिकडे ताई डोक्यावर पदर घेऊन भाजीच्या दुकानात बसल्या. पुढ्यात मेथीच्या जुड्या, आणि जुड्यांच्या आड छोटा खरा कॅमेरा. बाजारचं इतकं सहज चित्र मी आजवर पाहिलेलं नाही. निर्मात्यांनी फोन खिशात ठेवला.

मग संध्याकाळी शॉट एकामागोमाग लावून बघितले, तर दिग्दर्शक किंचाळला. पहिल्या शॉटमध्ये मेथीचा ढीग, दुसऱ्यात अर्धा, तिसऱ्यात दोनच जुड्या!

"ताई, मेथी कुठं गेली?"

ताई पहिल्यांदा ओशाळलेल्या दिसल्या. "गिऱ्हाईक आलं तं मी त्याले वापस कशी पाठवू? हात आपोआप चालला ना बाप्पा!"

*

शेवटचा दिवस अकोटच्या जिनिंगमधला, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधतात त्या कारखान्यातला. पिक्चरमधला सगळ्यात मोठा प्रसंग होता. हिरोइन जिनमध्ये कामाला आहे, तिला भाऊ गेल्याची बातमी तिथंच कळते. सकाळी आम्ही ट्रकमधून लाइट उतरवायला लागलो आणि जिनचे मालक धावत आले.

"एकबी लाइट आत जानार नाई! वायर नाई, जनरेटर नाई. एक ठिनगी उडाली तं माह्यी रुई गेली अन् तुमचं पिक्चरबी गेलं!"

त्यांचं काही चुकत नव्हतं. कापसाच्या जिनमध्ये लाइट घेऊन जाणारे आम्हीच शहाणे! आत काळोख होता. दार मोठं, पण ऊन उंबऱ्यापाशीच थांबलेलं. निर्मात्यांनी या वेळी आमच्यासमोरच फोन लावला. "उद्या सकाळी तुम्ही या. आजचा दिवस गेला." मला रडू यायचं बाकी होतं.

ताई दाराशी उभ्या राहून उन्हाकडे बघत होत्या. मग आतल्या बायांकडे गेल्या. पंधरा-वीस बाया होत्या, नाकातोंडाला फडकी बांधलेल्या.

"बायाहो, ते सरकी काढलेली रुई या दारात आनता येईन काय? ताडपत्रीवर. जेवढी निंघन तेवढी."

मालक म्हणाले, "खाली सांडू देऊ नका म्हंजे झालं."

बायांनी गाठोडी बांधून रुई आणली आणि दारातल्या उन्हात तिचा ढीग रचला. कमरेएवढा झाला, मग डोक्याएवढा. ऊन त्या पांढऱ्या ढिगावर पडलं आणि सगळं जिन आतपर्यंत उजळून निघालं. हिरोइनच्या चेहऱ्यावर, मशीनवर, हवेत उडणाऱ्या तंतूंवर, सगळीकडे मऊ उजेड.

एकच टेक झाला. हिरोइन रडली, दिग्दर्शक रडला, मी कसाबसा फोकस सांभाळला. कट म्हटल्यावर निर्माते मॉनिटरसमोरून हललेच नाहीत. मग बाहेर गेले, पुन्हा फोन लावला आणि आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "तुम्ही आज रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघा. इथं तुमचं काम नाही."

ताई तिथंच ट्रायपॉडला धरून खाली बसल्या. तेवढ्यात बायांमधली एक पुढं आली. तोंडावरचं फडकं खाली केलं, ढिगाकडे हात केला आणि म्हणाली,

"ताई, झालं काय वं तुमचं? मंग आता हा लाइट गठानीत बांधू काय?"