ताटावर आडवे हात

पोळी वाढायला गेलो, तर मेव्हण्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले. मग वाढणाऱ्याने थांबायचं असतं. मी विषय काढला, “ताईच्या मसाल्याच्या मेल बघतोस ना?”

“दाजी, दिवसाला चार? मी सरळ स्पॅममध्ये टाकल्या.”

माझं डोकंच फिरलं. घरचा माणूस असून! लेकीच्या लग्नाच्या आमंत्रणयादीतला एकेक पत्ता वेचून मी त्या मेल धाडल्या होत्या. सगळ्यांनीच असे हात आडवे धरले असणार. म्हणून तर आता बायकोच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही तिची मेल स्पॅममध्येच मिळते, आणि ती मागणीची वाट बघत बसते. मी मेव्हण्यावर ओरडलो, मेलवाल्यांच्या नावाने बोटं मोडली. कुणाला विचारून पाठवल्या, एवढं मात्र कुणी मला विचारू नये असं वाटत होतं.

बायकोने विचारलं नाहीच. ती एवढंच म्हणाली, “त्या मेलवर नाव माझं होतं.”