दोन टॉवरांमधला वारा

पूल ओलांडून आम्ही निम्म्या वाटेवर आलो, तरी वन्सं तोंडातून शब्द काढत नव्हत्या. एरवी माझ्या नवऱ्याच्या या थोरल्या बहिणीबरोबर चालायचं म्हणजे कान किटतात. हा कट्टा उंच, ती पायरी चुकली, त्या दुकानाचं दार उलटं उघडतं. इमारतींचे आराखडे काढणं हे त्यांचं काम. ऑफिसात त्यांना ‘मोजपट्टी’ म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.

“पाय दुखतात का?” मी विचारलं.

“नाही गं. आधी बघ, मग बोलू.”

वळणावर त्यांचे दोन टॉवर दिसले. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं, आणि दोन्हींच्या मधोमध सगळ्यांसाठी मोकळा चौक. मालकाला तिथे गाड्या लावायच्या होत्या. वन्संनी त्याच्याशी भांडभांडून तो चौक मिळवला. सासूबाई बाजारातून येताना दम लागला की एखाद्या दुकानाच्या पायरीवर टेकायच्या आणि दुकानदार त्यांना उठवायचा. वन्सं तेव्हा लहान होत्या, पिशवीचा एक बंद धरून उभ्या असायच्या. काही विकत न घेता माणसाला बसता यावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

चौक पुढच्या आठवड्यात उघडणार होता. वन्संना पाहून पहारेकऱ्याने फाटक उघडलं.

“पदर सांभाळा बाई,” तो मला म्हणाला. “इथला वारा आला-गेला ओळखत नाही.”

मी हसले. बाहेर रस्त्यावर तर नुसती झुळूक होती. चौकाच्या मध्यावर आले आणि कुणी पाठीत दोन्ही हातांनी ढकलावं तसं झालं. श्वास घेता येईना. पाय आपले आपणच धावायला लागले. वन्संनी दंड धरला नसता तर बाकावर तोंड आपटलं असतं. देवाचं नाव घ्यायला गेले, तेही अर्धंच आलं.

“काल रंगाऱ्याची शिडी पाडली,” पहारेकरी मागून ओरडून सांगत होता.

खांबाआड पोचलो तेव्हा वन्संचे ओठ पांढरे पडले होते. “या बाकांवर आईसारख्या बायका बसणार,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. चौकाचं पुठ्ठ्याचं मॉडेल त्यांनी आमच्या घरीच तपासलं होतं. टेबलपंखा लावायचा, माझ्याकडून उदबत्ती मागून घ्यायची आणि धूर कुठे वळतो ते बघायचं, ही त्यांची पद्धत. तेव्हा धूर गरीब गाईसारखा चौकातून निघून गेला होता. ते ऐकून त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांनी बाहेरून करून घ्यायची वाऱ्याची मोठी चाचणीच रद्द केली. मोजपट्टीने पाहिलंय, मग झालं.

“टेबलाच्या वर तुझा देव्हारा. मॉडेलचा शेंडा त्याला लागत होता, म्हणून वरचे मजले काढून बाजूला ठेवले. ते पुन्हा बसवून बघायचं राहूनच गेलं गं. उंच भिंतीवर आपटलेला वारा खाली उतरतो, हे मी नव्या पोरींना शिकवते.”

“लागू द्यायचा होता,” मी म्हणाले. “देव काय रुसून बसला असता?”

त्या हसल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर त्या पुलाच्या कठड्याला धरून थांबल्या. “चौक उघडू नका म्हटलं, तर मालक म्हणेल, बरं झालं, गाड्या लावू. माझी नोकरी जाईल ती वेगळीच. आणि गप्प बसले, तर कुणाचं तरी डोकं फुटेल.”

“मग सांगा ना.”

“सांगायचंय. पण मालकाशी भांडले तरी मी कशी भित्री आहे ते तुला ठाऊक आहे. लिफ्टमध्येसुद्धा तुझा हात धरते. साहेब आवाज चढवतील, ‘आधी उघडू, नंतर बघू’ म्हणतील, आणि मी मान डोलावून बाहेर येईन.” त्यांनी माझं मनगट धरलं. “उद्या माझ्याबरोबर ऑफिसात ये. मला दिसशील अशी बस. काही बोलू नकोस. पण माझी मान हलायला लागली, तर तू ऊठ आणि आज तिथे तुझं काय झालं ते साहेबांना सांग.”